यंत्रांच्या पटावरील न्याय

संगणकांची पहिली जागतिक बुद्धिबळ स्पर्धा १९७४ साली स्टॉकहोम येथे झाली आणि सोव्हिएत संघाच्या ‘काइसा’ने ती जिंकली. पट सर्वांना सारखा होता. पटामागील यंत्रे मात्र सारखी नव्हती. १९८३ व १९८६ साली ‘क्रे ब्लिट्झ’ अजिंक्य ठरला, त्यात कर्त्यांच्या बुद्धीइतकाच क्रे महासंगणकाच्या वेगाचाही वाटा होता. कोणत्याही संस्थेचा आश्रय नसलेल्या एकट्यादुकट्या प्रोग्रॅमरने असे भांडवल कोठून आणावयाचे? अर्थशास्त्राच्या भाषेत, बाजार खुला होता. परंतु प्रवेशाचे मोल परवडणारे नव्हते. १९९५ साली हाँगकाँग येथे साध्या वैयक्तिक संगणकावरील ‘फ्रिट्झ’ने आयबीएमच्या ‘डीप ब्लू’च्या पूर्वरूपाला नमविले, हे खरे, पण अपवादावर व्यवस्था उभी राहत नाही.

यावर उपाय निघाले, ते साधेच आहेत. २०१० पासून जागतिक स्पर्धेला जोडूनच, सर्वांना समान यंत्र देणारी निराळी स्पर्धा सुरू झाली. त्याच वर्षी सुरू झालेल्या ‘टीसेक’ स्पर्धेतही यंत्र आयोजकांचेच असते. डावाची सुरुवात आधीच ठरविलेली असते आणि तीच सुरुवात दोन्ही प्रतिस्पर्धी आळीपाळीने पांढऱ्या व काळ्या बाजूने खेळतात. शिवाय गटवार रचनेमुळे नवागताची गाठ पहिल्याच दिवशी जगज्जेत्याशी पडत नाही.

दुसरा प्रश्न अधिक नाजूक आहे. ‘क्राफ्टी’ व ‘फ्रूट’ या कार्यक्रमांतून उचल केल्याचा ठपका ठेवून आंतरराष्ट्रीय संघटनेने २०११ साली ‘रिब्का’ची २००७ ते २०१० ही चारही अजिंक्यपदे काढून घेतली. कर्त्याने आरोप नाकारला. स्वतंत्र निर्मितीचा नियम होताच. परंतु निवाडा विजेतेपदे वाटून झाल्यावर आला. प्रामाणिक उपविजेत्याला मिळालेला हा न्याय उशिराचाच म्हटला पाहिजे.

म्हणून उघड प्रसिद्ध झालेल्या संहितेतून किती घेणे क्षम्य, ते कसे जाहीर करावयाचे, तपासणी कोण करणार आणि आरोप झाल्यास बाजू कोठे मांडावयाची, हे प्रवेशपत्रिकेवरच स्पष्ट असावे. कडक नियमांनी होतकरू स्पर्धक दूर पळतात, हा समज चुकीचा आहे. त्याला पळवून लावतात ते संदिग्ध आणि मागाहून लावलेले नियम. एकलव्याला रिंगणाबाहेर ठेवून अर्जुनाला सर्वश्रेष्ठ ठरविणे सोपे असते. परंतु त्या श्रेष्ठत्वाची कसोटी लागलेली नसते.