जाड भिंत, भक्कम घर?

जाड भिंत म्हणजे भक्कम घर, हा आपल्याकडचा बहुधा सर्वांत जुना आणि सर्वांत महागात पडलेला गैरसमज. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे तीन वाजून छप्पन मिनिटांनी किल्लारी परिसर हादरला, तेव्हा गणेशविसर्जन आटोपून गावे गाढ झोपली होती. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत मिळून सुमारे आठ हजार माणसे गेली. भूकंप ६.२ परिमाणाचा. जगाच्या हिशेबात हा काही महाभूकंप नव्हे. तरीही एवढे बळी गेले, कारण बहुतेक लोक दोन-तीन फूट जाडीच्या भिंतींच्या आणि मातीच्या माळवदाच्या घरांत झोपलेले होते.

या भिंतीला दोन तोंडे असत, आतले आणि बाहेरचे. दोन्हीकडे दगड, मध्ये बारीक दगड-मातीचा भराव आणि सांधायला चिखल. दोन्ही तोंडांना जोडणारे आरपार दगड क्वचितच घातलेले असत. वरून पाहिले तर भिंत एक, प्रत्यक्षात दोन पातळ भिंती शेजारी उभ्या. हादरा बसला की मधला भराव खाली दबतो, तोंडे फुगतात आणि सुटतात. वर माळवद. दीड फूट मातीचा थर धरला, तरी दहा बाय बाराच्या एका खोलीवर आठ टनांच्या आसपास वजन होते, आणि पावसाळ्यापूर्वी गळती थांबवायला दर काही वर्षांनी त्यावर नवी माती पडत असे. भूकंपात जमीन सरकते आणि घराचे वजन जागीच राहू पाहते; वजन जितके जास्त, तितका भिंतींवरचा ताण मोठा. किल्लारीत कित्येक घरांचे लाकडी खांब-तुळयांचे सांगाडे नंतरही उभे होते. पडल्या होत्या त्या भिंती.

याच किल्लारीत असेही एक घर होते, ज्याला काहीच झाले नाही. भिंती साध्याच बांधकामाच्या, पण दारा-खिडक्यांच्या वर, लिंटेलच्या पातळीवर, सगळ्या भिंतींवरून सलग फिरवलेली काँक्रीटची पट्टी होती. भूकंप अभियांत्रिकीच्या पुस्तिकांत या घराचे छायाचित्र शेजारच्या ढिगाऱ्याबरोबर छापले जाते. कंबरपट्ट्यासारखी ही पट्टी चारही भिंतींना एकत्र धरते, म्हणून एकटी भिंत बाहेर कलंडत नाही. तिला लागते किती? साधारण तीन इंच जाडीचे काँक्रीट, किमान आठ मिलिमीटरच्या दोन सळया आणि त्यांना दर सहा इंचांवर बांधणाऱ्या आडव्या कड्या. अट एकच, कोपऱ्यात पट्टी तुटता कामा नये. ‘भूकंपरोधक घर दुप्पट महाग पडते’ असे म्हणणाऱ्यांनी हा हिशेब एकदा आपल्या गवंड्याकडून करून घ्यावा. साध्या घराच्या एकूण खर्चात तो काही टक्क्यांच्या वर जात नाही.

‘दख्खनचे पठार म्हणजे कातळ, इथे कसला भूकंप?’ हा समज केवळ गावकऱ्यांचा नव्हता. आयएस १८९३ (हा मानकाचा क्रमांक, सन नव्हे) या भूकंपविषयक भारतीय मानकाच्या १९८४ च्या नकाशात किल्लारी परिसर झोन एकमध्ये, म्हणजे सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. २००२ च्या सुधारणेत झोन एक काढूनच टाकला, त्यातला भाग झोन दोनमध्ये गेला आणि किल्लारी परिसराला झोन तीनमध्ये जागा मिळाली. नकाशा बदलला तो आठ हजार माणसे गेल्यावर. त्याआधी ११ डिसेंबर १९६७ रोजी कोयनानगरला बसलेल्या सव्वासहाच्या आसपासच्या धक्क्याने सुमारे १८० जणांचा बळी घेतला होता आणि खुद्द कोयना धरणाच्या भिंतीला तडे गेले होते. तोही पठाराच्याच कडेला.

झोनचा नकाशा मुख्यतः जुन्या भूकंपांच्या नोंदींवरून काढलेला असतो. ज्या भागातल्या भूकंपाची कोणी नोंद ठेवली नाही, तो भाग नकाशात निर्धोक दिसतो. शिवाय झोन हा किमान मर्यादेचा आकडा आहे. आयएस १८९३ च्या २०१६ च्या आवृत्तीत झोन दोनला ०.१०, तीनला ०.१६, चारला ०.२४ आणि पाचला ०.३६ असे गुणक आहेत. मुंबई-पुणे तीनमध्ये, कोयना परिसर चारमध्ये, नागपूर दोनमध्ये. दोनमध्येही शून्य नाही, हे नागपूरकरांनी लक्षात ठेवावे.

घरांच्या जाहिरातींत आणखी एक वाक्य हमखास सापडते: ‘आठ रिश्टरचा भूकंप झेलणारी इमारत’. हे वाक्य मुळातच निरर्थक आहे. रिश्टरचा आकडा भूकंपाचा असतो, इमारतीचा नसतो. केंद्र किती दूर, किती खोल आणि पायाखाली काय, यावर एकाच भूकंपाचा हादरा गावोगाव वेगळा बसतो. भराव घालून केलेली मुंबईतली जमीन आणि सह्याद्रीतला कातळ यांच्यात आयएस १८९३ फरक करते. सेकंदाला एक झोका घेणारी उंच इमारत मऊ जमिनीवर असेल, तर कातळावरच्या तशाच इमारतीच्या १.६७ पट बल धरून तिचा आराखडा करावा लागतो. आणि मानक ‘काहीही होणार नाही’ असे वचन कुठेच देत नाही. मोठ्या भूकंपात इमारतीला तडे जातील, ती कदाचित पुढे वापरण्याजोगीही राहणार नाही. पण ती कोसळू नये आणि माणसे बाहेर पडावीत, एवढेच ते मागते.

किल्लारीनंतर लोकांनी एक धडा घेतला, तो अर्धाच: दगड-माती धोक्याची, आरसीसी सुरक्षित. उरलेला अर्धा २६ जानेवारी २००१ ला अहमदाबादेत दिसला. कच्छमधल्या भूकंपकेंद्रापासून दोनशे किलोमीटरहून दूर असलेल्या या शहरात अनेक आरसीसी इमारती कोसळल्या आणि सुमारे साडेसातशे माणसे मेली. त्यांतल्या बऱ्याच इमारती साबरमतीच्या गाळाच्या जमिनीवर, खाली मोकळे पार्किंग आणि वर भिंतींनी भरलेले मजले अशा होत्या. वरचा भाग पेटीसारखा ताठ आणि खालचे कॉलम एकटे, त्यामुळे सगळी वाकवणूक तळमजल्यावर येते. २००२ च्या मानकाने म्हणूनच अशा मजल्याचे कॉलम-बीम अडीचपट बलासाठी आखावेत, असे सांगितले.

आता गंमत पाहा. पार्किंग सक्तीचे, आणि स्टिल्टमधले, म्हणजे कॉलमवरच्या मोकळ्या तळमजल्यातले, पार्किंग एफएसआयमध्ये, म्हणजे बांधकामाच्या मंजूर क्षेत्रफळात, धरले जात नाही. म्हणजे शहर विकासाचा नियम बांधणाऱ्याला तळमजला मोकळा ठेवायला प्रोत्साहन देतो आणि भूकंपाचे मानक त्याच मजल्याबद्दल धोक्याची घंटा वाजवते. दोन्ही कागद एकाच फायलीत लागतात, पण एकमेकांशी बोलत नाहीत. आरसीसीचा जीव तर अशा ठिकाणी असतो, जिथे कोणाचे लक्ष जात नाही. कॉलमच्या उभ्या सळयांभोवतीच्या रिंगांची टोके १३५ अंशांत आत वळवावीत, असे आरसीसीच्या भूकंपविषयक तपशिलांचे मानक आयएस १३९२० सांगते. साइटवर फिटर ती बहुधा ९० अंशांत वाकवतो, कारण ते सोपे. धक्क्यात वरचे काँक्रीटचे आवरण झडले, की काटकोनातल्या रिंगा उघडतात आणि उभ्या सळया बाहेर फुगतात.

मग दुसरे टोक येते: ‘पूर्वजांना सगळे ठाऊक होते, जुनी घरे हवामानालाही योग्य आणि भूकंपालाही.’ कच्छची ‘भुंगा’ नावाची गोल घरे २००१ मध्ये चांगली टिकली, काश्मीरमधली लाकडी चौकटीत वीट भरलेली धज्जी पद्धत २००५ च्या भूकंपात टिकली, हे खरे. पण किल्लारीचे माळवद उन्हाळ्यात घर थंड ठेवत होते म्हणूनच जाड झाले, आणि जाड झाले म्हणूनच जीवघेणे ठरले. पुनर्वसनात याच्या उलट घडले. ५२ गावे नव्या जागी वसवली, घरे भूकंपाला पुरी पडतील अशी बांधली. पुढे अभ्यासकांच्या नोंदींत तक्रार आली ती उकाड्याची. घर अपुरे पडले, तेव्हा काहींनी वाढीव खोल्या पुन्हा जुन्याच रीतीने, पट्ट्यांशिवाय बांधल्या. उन्हाचा विचार न केलेला भूकंपाचा नियम लोक पुढच्याच खोलीत मोडतात. मराठवाड्यातल्या मे महिन्यात कोणाला दोष द्यायचा?

उष्णतेचे नियम देशात नाहीत असे नाही. राष्ट्रीय बांधकाम संहितेने देशाचे पाच हवामान विभाग केले आहेत; तिच्या लेखी मुंबई उष्ण-दमट, नागपूर संमिश्र. २०१८ मध्ये ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने घरांसाठी इको-निवास संहिता आणली. भिंती-खिडक्यांतून आत येणाऱ्या उष्णतेला तिने दर चौरस मीटरला १५ वॅटची मर्यादा घातली आणि छतासाठी इतका कडक निकष ठेवला, की साध्या उघड्या स्लॅबमधून त्याच्या दुपटीहून जास्त उष्णता येते. पण ही संहिता पाचशे चौरस मीटर व त्याहून मोठ्या भूखंडांसाठी आखलेली. गावातले पत्र्याचे किंवा एक स्लॅबचे घर, जिथे ऊन सर्वांत जास्त लागते, तिच्या कक्षेबाहेरच राहिले.

छत थंड करायच्या प्रयत्नात वजन वाढते, हे तर नेहमीचेच. गच्चीवर चार इंच ब्रिकबॅट कोबा घातला, की दर चौरस मीटरला दोनशे किलोंच्या आसपास भर पडते. हजार चौरस फुटांच्या गच्चीवर अठरा-एकोणीस टन. जुन्या इमारतींत गळती आली की काही ठिकाणी आधीचा कोबा न काढताच नवा चढवतात. माळवदावरच्या मातीचीच ही शहरी आवृत्ती. त्यापेक्षा पांढरा चुना, पांढऱ्या तुकड्यांचे चायना मोझॅक किंवा मंगलोरी कौले घालून केलेला फिलर स्लॅब यांनी ऊन अडते आणि ओझे फार वाढत नाही.

हलके छत हेच उत्तर, असे म्हणून मोकळे होता येत नाही, कारण कोकण आहे. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्यावर आले, तेव्हा वारा ताशी ११० ते १२० किलोमीटरचा होता. पत्रे उडाले, कौले उडाली. भूकंपात हलके छत तारते, वादळात तेच उचलले जाते. वाऱ्याच्या मानकात कोकण किनाऱ्यासाठी ताशी सुमारे १४० ते १५८ किलोमीटरचा झोत धरलेला आहे, म्हणजे आकडा अपुरा नव्हता. पत्रा वाशाला, वासा भिंतीला आणि भिंत जोत्याला किती घट्ट बांधली आहे, हे तपासणारे मात्र कोणी नव्हते.

यातूनच शेवटचा गैरसमज उघडा पडतो: मानक छापले, की ते लागू झाले. जमीन आणि बांधकाम परवानगी हा राज्यांचा विषय. राष्ट्रीय संहिता शिफारशीच्या स्वरूपाची आहे; स्थानिक नियमावलीने स्वीकारली तरच तिला दात येतात. महाराष्ट्राने डिसेंबर २०२० मध्ये मुंबई आणि काही क्षेत्रे वगळून जवळपास सगळ्या राज्याला एकच विकास नियंत्रण नियमावली दिली. कागदपत्रे सुटसुटीत झाली, हे चांगलेच. पण धो-धो पावसाचे सह्याद्रीचे डोंगर आणि पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस असलेला माण तालुका, झोन चारमधले पाटण आणि झोन दोनमधले नागपूर हे सारे एकाच साच्यात बसवताना प्रत्येक जिल्ह्याला आपले स्वतंत्र परिशिष्ट मिळायला हवे होते: छत कसे, पट्टी कुठे, पत्र्याचे बंधन कसे. पुढच्याच वर्षी ग्रामीण भागातल्या ३,२०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना नगररचनाकाराच्या मंजुरीतून सूट जाहीर झाली. हेलपाटे वाचले, पण जशा घरांत किल्लारी घडली, तशाच घरांवर सरकारची नजर आणखी कमी पडणार.

तोवर घर बांधणाऱ्यानेच विचारावे. आपले गाव कोणत्या झोनमध्ये आहे, जमीन कातळाची की भरावाची, लिंटेलची पट्टी कोपऱ्यातून सलग जाते का, गच्चीवर नक्की किती वजन येणार आहे. आणि स्लॅब किंवा कॉलम भरायच्या आदल्या दिवशी साइटवर जाऊन रिंगांची टोके जरूर पाहावीत. काँक्रीट ओतल्यावर ती तपासता येत नाहीत.