पंचांचा निकाल आणि घरचे मैदान

खेळांचे ढोबळमानाने दोन वर्ग पडतात. पहिल्या वर्गातील खेळांचा निकाल मापाने लागतो. लांब उडी फुटपट्टीने मोजता येते, आणि आपल्या वऱ्हाडातील शंकरपटात कोणत्या जोडीने ठरलेले अंतर किती सेकंदांत कापले, हे घड्याळ सांगते. घड्याळास गाव नसते व नातेगोतेही नसते. दुसऱ्या वर्गातील खेळांचा निकाल मात्र मनुष्याच्या नजरेवर अवलंबून असतो. मुष्टियुद्ध व गुणांवर चालणारी कुस्ती हे या वर्गातील प्रमुख खेळ होत. ज्या खेळांत तक्रारी फार होतात ते बहुधा याच वर्गातले असतात, आणि तक्रारींपैकी पुष्कळशा ‘त्यांच्या गावी खेळलो म्हणून हरलो’ या एका वाक्यात सामावतात. या वाक्यात तथ्य किती व भ्रम किती, याचा विचार विद्यार्थ्यांनी व त्यांच्या पालकांनीही करावा, या हेतूने आम्ही हा लेख लिहीत आहो.

प्रथम धंदेवाईक मुष्टियुद्धाची रीत समजून घेऊ. जगज्जेतेपदाची पुरुषांची लढत तीन-तीन मिनिटांच्या बारा फेऱ्यांची असते. रिंगणात एक पंच उभा असतो. त्याचे काम नियम पाळवून घेण्याचे. गुण देणारे तीन परीक्षक रिंगणाच्या तीन वेगवेगळ्या बाजूंस बसतात. प्रत्येक फेरीत जो सरस ठरेल त्यास दहा गुण, व दुसऱ्यास बहुधा नऊ. एखादा खाली पडला तर त्याच्या वाट्यास सहसा आठच येतात. स्वच्छ बसलेले ठोसे, परिणामकारक चढाई, बचावाचे कौशल्य आणि रिंगणावरील ताबा, या चार गोष्टी पाहून परीक्षकाने मत बनवावे, असा संकेत आहे. प्रत्येक फेरी संपताच गुणांची चिठ्ठी लिहून द्यावी लागते. मागाहून ती बदलता येत नाही.

आता थोडे गणित करू. एका योद्ध्याने सात फेऱ्या अगदी निसटत्या जिंकल्या आणि दुसऱ्याने पाच फेऱ्या जोरदार जिंकल्या, पण कोणीही खाली पडले नाही, असे समजा. पहिल्याची बेरीज ११५ होते व दुसऱ्याची ११३. पाच फेऱ्यांत दुसऱ्याने पहिल्यास कितीही झोडपले असले तरी बेरजेत ते उतरत नाही. शिवाय यातील एकच फेरी इकडची तिकडे झाली तर दोघांचेही गुण ११४ होऊन लढत बरोबरीत सुटते. म्हणजे बारा फेऱ्यांपैकी दोन-तीन फेऱ्या संदिग्ध असल्या, तरी तीन प्रामाणिक परीक्षक तीन निराळे निकाल देऊ शकतात. निकाल पटला नाही की परीक्षकाने पैसे खाल्ले असे म्हणणारांनी हे गणित अवश्य करून पाहावे.

तथापि सर्वच वाद गणिताने मिटत नाहीत. १९८८ साली दक्षिण कोरियातील सेऊल येथील ऑलिंपिक सामन्यांत अमेरिकेचा रॉय जोन्स व यजमान देशाचा पार्क सी-हुन यांची अंतिम लढत झाली. ही लढत हौशी मुष्टियुद्धाची असली तरी घरच्या मैदानाचा विषय निघाला की तिचेच नाव प्रथम घेतले जाते. मोजदादीप्रमाणे जोन्सचे ८६ ठोसे बसले होते व पार्कचे ३२. तरी पाच परीक्षकांपैकी तिघांनी पार्कला विजयी ठरविले. नवल असे की, त्याच स्पर्धेतील सर्वोत्कृष्ट मुष्टियोद्धा म्हणून जो मान दिला जातो तो पुढे जोन्सलाच मिळाला! या प्रकरणानंतर १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकपासून गुण मोजण्यासाठी संगणकाची योजना करण्यात आली.

आपल्या देशाच्या वाट्यासही असा प्रसंग आला. २०१४ साली इंचिऑन येथील आशियाई सामन्यांत मणिपूरची सरिता देवी उपान्त्य लढतीत कोरियाच्या पार्क जी-नाकडून हरली, असा निकाल लागला. पाहणाऱ्या पुष्कळांस तो अन्यायाचा वाटला. पदकवितरणाच्या वेळी सरितेने कांस्यपदक गळ्यात घालून घेण्याचे नाकारले आणि ते पार्कच्याच हाती दिले. मागाहून तिने क्षमा मागितली. तरी तिला एक वर्ष स्पर्धाबंदी झाली. निकाल मात्र होता तसाच राहिला.

या दोन उदाहरणांवरून घरच्या मैदानावर परका कधी जिंकतच नाही असे कोणी म्हणेल, तर त्याने पुढील दोन लढतीही पाहाव्यात. १३ मार्च १९९९ रोजी न्यूयॉर्क येथे इंग्लंडचा लेनॉक्स लुईस व अमेरिकेचा इव्हँडर होलीफील्ड यांच्यात जगज्जेतेपदाची लढत झाली. लुईसचे ३४८ ठोसे बसले व होलीफील्डचे १३०. एका परीक्षकाने लुईसला ११६-११३ असे पुढे ठेविले. अमेरिकन परीक्षक बाईंनी होलीफील्डला ११५-११३ ने विजयी केले. तिसऱ्याने दोघांस ११५ गुण देऊन लढत बरोबरीत सोडविली. आणि हा तिसरा परीक्षक खुद्द इंग्लंडचाच होता! त्याच वर्षी नोव्हेंबरात लास व्हेगास येथे, म्हणजे पुन्हा अमेरिकेतच, दोघे परत लढले आणि तिन्ही परीक्षकांनी लुईसला विजयी ठरविले. यजमानांच्या भूमीवरही न्याय मिळू शकतो, मात्र कधीकधी त्यासाठी दुसऱ्यांदा लढावे लागते, असे यावरून दिसते.

दुसरी लढत २ जुलै २०१७ ची. ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेन येथे पन्नास हजारांहून अधिक प्रेक्षकांपुढे फिलिपाइन्सचा मॅनी पॅकियाओ व तेथलाच शाळामास्तर जेफ हॉर्न यांची गाठ पडली. ठोशांच्या मोजदादीत पॅकियाओचे १८२ व हॉर्नचे ९२ भरले. परीक्षकांनी मात्र ११७-१११, ११५-११३ व ११५-११३ असे गुण देऊन हॉर्नला जगज्जेता केले. वरील गणित लावले म्हणजे कळते की, दोघा परीक्षकांच्या मते हॉर्नने सात फेऱ्या जिंकल्या व एकाच्या मते नऊ. तक्रार झाल्यावर संबंधित संघटनेने पाच परीक्षकांकडून लढतीचे चित्रण पुन्हा तपासून घेतले. त्यांच्या हिशेबीही हॉर्नच्या सात फेऱ्या व पॅकियाओच्या पाच निघाल्या आणि निकाल कायम राहिला. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, मूळचे तिन्ही परीक्षक ऑस्ट्रेलियाबाहेरचे होते. तेव्हा परीक्षक परगावचा आणला म्हणजे वाद मिटला, ही समजूतही पुरती खरी नाही.

मग घरच्या मैदानाचा परिणाम होतो तरी कसा? इंग्लंडात २००२ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग यावर प्रकाश पाडतो. चाळीस फुटबॉल पंचांस एका सामन्याचे चित्रण दाखविण्यात आले. काहींनी ते प्रेक्षकांच्या गलक्यासह पाहिले, तर काहींनी आवाज बंद करून. ज्यांच्या कानी गलका पडत होता त्यांनी यजमान संघाच्या चुका सुमारे १५ टक्क्यांनी कमी धरल्या. हे पंच लबाड नव्हते. संशयाच्या क्षणी मन आधार शोधते, आणि गर्दीचा आवाज हा हाताशी असलेला आधार होतो, इतकेच. मुष्टियुद्धातही घरच्या योद्ध्याचा ठोसा बसला की मंडप दुमदुमतो. पाहुण्याचा बसला की शांतता पसरते. एका बाजूस बसलेल्या परीक्षकास योद्ध्याच्या पाठीआडचा ठोसा दिसत नाही. तेथे कान डोळ्यांची जागा घेतात.

आता आपल्या महाराष्ट्राकडे वळू. आपला जुना मर्दानी खेळ कुस्ती होय, व तीत दोन्ही खांदे जमिनीस टेकले की चीत, हा नियम मापाइतकाच स्वच्छ वाटतो. जुन्या दंगलींत निकाल न लागल्यास कुस्ती बरोबरीत सोडवीत. परंतु गुणांची पद्धत आली आणि तिच्या पाठोपाठ वादही आले. १९६१ पासून भरत असलेल्या ‘महाराष्ट्र केसरी’ स्पर्धेत जानेवारी २०२३ मध्ये पुणे येथे सिकंदर शेख व महेंद्र गायकवाड यांच्या कुस्तीत ‘बाहेरची टांग’ या डावास दिलेल्या चार गुणांवरून मोठा गदारोळ उठला. पुढे २ फेब्रुवारी २०२५ रोजी अहिल्यानगर येथे गादी विभागात शिवराज राक्षे यांची पाठ लागली, असा पंचांनी निर्णय दिला व पृथ्वीराज मोहोळ विजयी ठरले. आपले दोन्ही खांदे टेकलेच नाहीत, असे राक्षे यांचे म्हणणे होते. चित्रण पाहावे अशी मागणी झाली, शब्दाने शब्द वाढला, आणि राक्षे यांनी पंचांस लाथ मारली. त्याच दिवशी अंतिम कुस्तीत एका गुणावरून रुसून महेंद्र गायकवाड वेळ संपण्यापूर्वीच मैदान सोडून गेले. दोघांसही तीन वर्षांची बंदी झाली.

या प्रसंगापासून शिकण्यासारखे पुष्कळ आहे. राक्षे यांची शंका साधार होती की निराधार, हाच त्या दिवशीचा खरा प्रश्न होता. परंतु लाथ मारली गेली त्या क्षणी तो प्रश्न मागे पडला आणि लोक खांद्याविषयी न बोलता लाथेविषयी बोलू लागले. ज्याचा पक्ष कदाचित खरा असेल त्याने आपल्याच हाताने आपला पुरावा पुसून टाकावा, याहून मोठी हानी कोणती? दुसऱ्या बाजूने पाहता, हरकत ऐकून घेण्याची निश्चित वाट नसेल तर मनुष्याचा संताप आडवाटेने बाहेर पडतो, हेही आयोजकांनी ओळखले पाहिजे. आंतरराष्ट्रीय कुस्तीत अशी वाट आहे. शिक्षकास निर्णयास आव्हान देऊन चित्रण पाहण्याची मागणी करता येते. मात्र आव्हान खोटे ठरल्यास प्रतिपक्षास एक गुण मिळतो. त्यामुळे हक्कही राहतो आणि उगाच आरडाओरड करण्यास आळाही बसतो.

आमच्या पातूरच्या मुलांस हा विषय दूरचा वाटू नये. अमरावतीस १९१४ साली स्थापन झालेले श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ आहे. अकोल्यास मुष्टियुद्धाचे शिक्षण देणारी क्रीडा प्रबोधिनी आहे. आज शाळेच्या पटांगणावर दंड-बैठका काढणारा मुलगा वा मुलगी उद्या तेथील रिंगणात उतरणार नाही, असे कोणी सांगावे? आणि रिंगण दूरच राहो. स्नेहसंमेलनातील वक्तृत्व, गायन, चित्रकला या सर्व स्पर्धाही नजरेने व कानानेच तोलल्या जातात. तेथेही ‘त्यांच्या शाळेत गेलो म्हणून हरलो’ हे वाक्य आम्ही दरवर्षी ऐकतो.

म्हणून स्पर्धा भरविणारांनी चार गोष्टी पाळाव्यात, असे आम्हांस वाटते. परीक्षक तीन असावेत व निदान दोघे बाहेरचे असावेत. त्यांनी एकमेकांपासून दूर बसावे. प्रत्येक स्पर्धकाचे गुण त्याच्या पाठोपाठ लिहून द्यावेत व चर्चा मागाहून करावी. कशास किती गुण, हे स्पर्धेपूर्वीच फलकावर लावावे. कारण तराजू आधी दाखविला तर वजनाविषयी भांडण कमी होते. विद्यार्थ्यांनी हरकत घ्यायची ती आपल्या शिक्षकांमार्फत, लेखी व मुद्द्यास धरून घ्यावी. आणि पालकांस आमची एवढीच विनंती की, मुलगा हरून घरी आला म्हणजे ‘परीक्षक कोण होते?’ हा प्रश्न दुसरा ठेवावा. ‘तुझ्या कोणत्या फेऱ्या निसटत्या होत्या?’ हा प्रश्न पहिला विचारावा. बारापैकी नऊ फेऱ्या ज्याने स्पष्ट जिंकल्या आहेत, त्यास हरविण्यासाठी पक्षपात फार मोठा लागतो. निसटत्या फेऱ्यांवर उभ्या असलेल्यास मात्र गर्दीचा गलकाही पाडू शकतो. निसटत्या फेऱ्या कमी करणे हे काम आपल्या हातचे आहे, आणि ते परगावच्या मैदानावर उतरण्यापूर्वी घरच्याच मैदानावर करावयाचे असते.