घोट्याची कंडरा: सोनोग्राफी आणि एमआरआय

चेन्नईत जॉर्ज टाउनच्या शेजारी मद्रास मेडिकल कॉलेजची बर्नार्ड रेडिओलॉजी संस्था आहे, १९३४ पासूनची. तो काळ क्ष-किरणांचा. क्ष-किरणांत हाड उत्तम दिसते, पण स्नायूला हाडाशी जोडणारी कंडरा, म्हणजे टेंडन, जवळजवळ दिसत नाही. त्यासाठी आज सोनोग्राफी किंवा एमआरआय करतात.

दोन्हींत फसगत होऊ शकते, आणि तिचे मूळ एकच: कंडरेतले कोलॅजनचे तंतू समांतर असतात. सोनोग्राफीचा प्रोब तंतूंना काटकोनात नसेल, तर प्रतिध्वनी भलतीकडे जातो आणि धडधाकट कंडरा फाटल्यासारखी काळी दिसते. एमआरआयमध्ये उलटे. एरवी काळी दिसणारी कंडरा मुख्य चुंबकीय क्षेत्राशी सुमारे ५५ अंशांत आली की उजळते. (या कोनाच्या कोसाइनच्या वर्गाची तिप्पट एक होते; कॅल्क्युलेटरवर करून पाहा.) घोट्यामागून वळणारी कंडरा कुठेतरी या कोनात येणारच, आणि चुकीच्या निदानावर शस्त्रक्रियाही ठरू शकते.

मग तपासायचे कसे? प्रोब किंचित कलवा. काळेपणा गेला, तर तो भासच होता. एमआरआयमध्ये इको टाइम वाढवून घेतलेली प्रतिमा पाहा; भास तिथे विरतो, खरी इजा बहुधा उजळच राहते. पाऊल फिरवताना हाडावरून सटकणारी कंडरा मात्र सोनोग्राफीतच सहज सापडते.