बर्फावरचा सारथि

गेल्या दिवाळींत आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याचे घरीं फराळास जाण्याचा योग आला. त्याचा मुलगा सैन्याच्या रसदखात्यांत ट्रक चालवितो. श्रीनगरहून झोजी-लाच्या खिंडीनें द्रास, कारगिल, लेह अशी त्याची वाट. रजेवर आलेल्या नातवास आजीनें विचारलें, “काय रे, त्या बर्फांत गाडीचे ब्रेक लागतात ना?” तो म्हणाला, “लागतात कीं, आजी. म्हणून तर ते लावायचे नसतात.” आजी घाबरल्या, आम्हीही चकित झालों. मग त्यानें जें सांगितलें तें, ज्यांच्या घरचीं मुलें अशा वाटांवर आहेत त्यांच्याकरितां येथें देत आहों.

झोजी-ला सुमारें 11,500 फूट उंच. पूर्वी हिवाळ्यांत ही वाट महिनोन् महिने बंद असे. सीमा सडक संघटनेनें 2025 सालीं ती अवघ्या 32 दिवसांत पुन्हां खुली केली. याचा आपणांस आनंद होतो. परंतु वाट लवकर उघडली म्हणजे गाड्यांस बर्फांतून अधिक दिवस जावें लागतें, हें ध्यानीं येत नाहीं.

शिक्षकाची खोड म्हणा, आम्हीं तेथेंच गणित मांडलें. ताशीं 40 किलोमीटर वेगाचा ट्रक कोरड्या सपाट डांबरावर ब्रेक बसल्यापासून दहाबारा मीटरांत थांबतो. निसरड्या बर्फावर त्यास साठेक मीटर लागतात. उतारावर त्याहून अधिक. आणि घाटाच्या वळणावर एवढी जागा असते कोठें? मात्र वेग निम्मा केला तर हें अंतर निम्में न होतां चतुर्थांश होतें. शिवाय ब्रेक जोरानें दाबल्यास चाक जागींच अडकून घसरतें, आणि घसरणारें चाक सुकाणूचें ऐकत नाहीं. कठोपनिषदांत बुद्धीस सारथि व मनास लगाम म्हटलें आहे. बर्फावर ट्रकचा लगाम म्हणजे गिअर. उतार लागण्यापूर्वींच खालचा गिअर टाकावयाचा, तोही हलक्या हातानें, कारण इंजिनाची ओढ एकदम बसली तरी मागचीं चाकें घसरतात.

चाकांच्या साखळ्या सपाटीवरच बांधाव्या. चढावर घसरूं लागल्यावर त्या काढणें म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणें. थोडें अंतर जाऊन त्या पुन्हां आवळाव्या. हवेच्या ब्रेकच्या टाकींत साचलेलें पाणी रोज काढून टाकावें. तें गोठलें तर ब्रेकच दगा देतात.

आम्हांस नवल वाटलें तें पुढच्या गोष्टीचें. कडाक्याच्या थंडींतला बर्फ तितका निसरडा नसतो. शून्य अंशाच्या आसपासचा खरा घातकी. दुपारीं वितळलेलें पाणी सायंकाळीं डांबरावर पातळ थरानें गोठतें आणि रस्ता नुसता ओला दिसतो. पुलांवर हें आधीं होतें, कारण वारा खालूनही लागतो. ओळखावें कसें? पुढच्या गाडीच्या चाकांमागें तुषार उडत नसतील तर तें पाणी नव्हे. (संस्कृतांत तुषार म्हणजे हिम, मराठींत मात्र पाण्याचे शिंतोडे. शब्दांचेंही असें वितळणें होतें!)

लेहला माल उतरवून परततांना तर अधिकच जपावें लागतें. रिकाम्या ट्रकच्या मागच्या चाकांवर भार नसतो, तीं सहज सरकतात. आणि चालकाचें मन घराकडे लागलेलें असतें.

“सगळ्यांत कठीण काय?” आम्हीं विचारलें. तो जरा थांबून म्हणाला, “सायंकाळीं घरून फोन येतो, उद्यां किती वाजतां पोहोंचशील? मग दुसरे दिवशीं उतारावर पाय आपोआप जड होतो.”

आजी कांहीं बोलल्या नाहींत. रजा संपवून तो गेला; सोनमर्ग सोडल्याचें कळल्यावर त्यांनीं दोन दिवस फोनला हात लावला नाहीं, असें आमचा विद्यार्थी सांगत होता.