आधी श्वास तपासा

जुन्या ब्रिटिश गाड्यांविषयी एक विनोद प्रसिद्ध आहे. गाडीखाली तेलाचा डाग दिसला नाही तर घाबरावं. इंजिनात तेलच उरलेलं नसणार! विनोद ठीक आहे, पण अशा हसण्यावारी एक साधं दुखणं वर्षानुवर्षं अंगावर काढलं जातं.

'एमजीबी'चंच उदाहरण घ्या. ऑक्सफर्डजवळच्या अ‍ॅबिंग्डन गावात १९६२ ते १९८० या काळात तयार झालेली ही देखणी गाडी, इंजिन १७९८ सीसीचं. इंग्लंडात राहणाऱ्या माझ्या भाच्याकडे १९६७ सालची एक आहे. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या सांध्याखाली तेल ठिबकू लागलं. गॅरेजवाला म्हणाला, क्रँकशाफ्टचं मागचं सील गेलंय, इंजिन उतरवावं लागेल. खर्चाचा आकडा ऐकून भाच्याने फोन केला, "मामा, विकून टाकू का?"

माझा गाड्यांशी संबंध कर्जाच्या अर्जांपुरता. पण बँकेत ताळेबंदात फरक निघाला, की आम्ही लगेच सगळी लेजरं उपसत नसू. आधी बेरजा तपासायच्या, मग फरकाला नवाने भाग जातो का पाहायचं. जात असेल तर बहुधा आकड्यांची अदलाबदल झालेली असते. स्वस्तातली तपासणी आधी. म्हणून त्याच्याकडून वर्कशॉप मॅन्युअलची पानं मागवली.

गंमत अशी, की इंजिनालाही श्वास लागतो. पिस्टनच्या रिंगांच्या फटींतून थोडा वायू खाली क्रँककेसमध्ये उतरतोच. त्याला वाट हवी. पूर्वी तो नळीने सरळ रस्त्यावर सोडत. १९६४पासून एमजीबीत तो पुन्हा इंजिनातच जाळण्याची सोय झाली. तेल भरायच्या झाकणातल्या फिल्टरमधून ताजी हवा आत येते. पुढच्या टॅपेट कव्हरमधून दूषित वायू बाहेर पडतो आणि रबरी पडद्याच्या एका व्हॉल्व्हमार्गे इनलेट मॅनिफोल्डमध्ये जातो. साठच्या दशकाच्या अखेरीस हा व्हॉल्व्ह गेला आणि नळी थेट कार्बोरेटरला जोडली गेली.

कव्हरमधली जाळी काजळीने बुजली, नळी आतून चपटली किंवा व्हॉल्व्ह अडकला, तर वायू कोंडतो आणि तेलाला सीलमधून बाहेर ढकलतो. उलट पडदा फाटला, तर इंजिन तेलच ओढू लागतं. निळसर धूर येतो, आयडलिंग बिघडतं.

व्हॉल्व्हच्या गाडीची परीक्षा सोपी आहे. इंजिन गरम करून आयडलवर ठेवा आणि तेलाचं झाकण काढा. फेरे सुमारे २००ने वाढले, तर व्हॉल्व्ह ठीक. फरक पडला नाही, तर तो उघडून साफ करा. धातूचे भाग पेट्रोलने पुसले तरी चालतील. रबरी पडदा मात्र डिटर्जंटच्या पाण्याने. झाकणाचा फिल्टर आणि जाळीही पाहा. हवा न घेणारं भलतंच झाकण बसवलेलं नाही ना, याचीही खात्री करा.

एवढं करूनही झाकणातून धुराचे लोट येत असतील, तर रिंगा झिजल्याची शंका घ्यावी, कॉम्प्रेशन मोजावं आणि मगच मोठ्या कामाला हात घालावा.

भाच्याच्या गाडीत झाकण काढूनही इंजिनाचा सूर बदलला नाही. व्हॉल्व्ह चिकटलेला होता, जाळी डांबरासारख्या थराने बुजलेली. एका रविवारची मेहनत आणि एक नवा रबरी पडदा, एवढ्यात काम झालं. थोडं तेल अजून ठिबकतं. पण इंजिन उतरलं नाही, आणि गाडीही विकली गेली नाही.