केसपेपरच्या खिडकीशी

इस्पितळात रोग्याची पहिली गाठ डॉक्टरशी पडत नाही, केसपेपर काढणाऱ्या कारकुनाशी पडते. नाव, वय, आणि मग ‘स्त्री की पुरुष?’ तृतीयपंथी माणसाच्या प्रकृतीचा प्रश्न माझ्या मते या तिसऱ्या रकान्यातच सुरू होतो. कागदावरचे नाव आणि समोरची व्यक्ती जुळत नाही, मागे रांगेत हशा पिकतो, स्त्रीवेशातल्या रोग्याला पुरुषांच्या वॉर्डात खाट मिळते. असा अनुभव घेतलेला माणूस पुढचा ताप अंगावर काढतो. क्षयाची औषधे साधारणतः सहा महिने नेमाने घ्यावी लागतात. ती मध्येच सुटली, तर जंतू औषधाला दाद देईनासे होतात. स्वच्छतागृहाचेही तेच. कोणत्या दाराने जावे हा पेच टाळण्यासाठी दिवसभर पाणी प्यायचे नाही, लघवी तुंबवायची, आणि मग मूत्रमार्गाचा दाह.

म्हणूनच भेदभावविरोधी कायदा ही मला आरोग्याचीच बाब वाटते. सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ च्या निकालात तृतीयपंथीयांच्या ओळखीला मान्यता दिली, तेव्हा त्यांना इस्पितळांत उपचार आणि स्वतंत्र स्वच्छतागृहे द्यावीत, असेही सरकारांना बजावले. (या खटल्यात मूळच्या ठाण्याच्या लक्ष्मीनारायण त्रिपाठी यांनीही बाजू मांडली होती.) पुढे २०१९ चा कायदा झाला, तो १० जानेवारी २०२० पासून अमलात आला. त्याच्या तिसऱ्या कलमाने आरोग्यसेवेत भेदभाव करण्यास मनाई केली. पंधराव्या कलमाने शस्त्रक्रिया, संप्रेरकांचे उपचार, समुपदेशन, विमा, इतकेच नव्हे तर डॉक्टरांच्या अभ्यासक्रमाचा फेरविचार, ही सरकारची कामे ठरवली. मात्र त्या यादीत पहिला मान एच.आय.व्ही.च्या केंद्रांना! जणू या लोकांना मधुमेह होत नाही, की त्यांचा हात मोडत नाही.

खरी अडचण पुढे आहे. तिसऱ्या कलमाची मनाई मोडणाऱ्याला शिक्षा कोणती, हे त्या कलमात सांगितलेच नाही. अठराव्या कलमात सहा महिने ते दोन वर्षे कैद होती, पण ती सार्वजनिक जागी अडवणूक, घरातून हाकलणे, इजा करणे अशा कृत्यांसाठी. रांगेतला हशा किंवा कारकुनाचे ‘उद्या या’ त्यात कसे बसवायचे?

तक्रार ऐकण्यासाठी प्रत्येक आस्थापनेने एक अधिकारी नेमावा, असे अकराव्या कलमाने सांगितले. आस्थापनेच्या व्याख्येत इस्पितळाप्रमाणे आपले महाविद्यालयही येते. सूचनाफलकावर त्या अधिकाऱ्याचे नाव मी तरी अद्याप वाचलेले नाही.