गाडी खाली आणताना : सुट्या भागांची निवड व विक्रेत्याचे कर्तव्य

मोटारीच्या सुट्या भागांचा व्यापार करणाऱ्या आमच्या सभासद बंधूंकडे हल्ली एक निराळी मागणी येते. तरुण गिऱ्हाईक येते आणि आपली गाडी शर्यतीच्या गाडीप्रमाणे जमिनीलगत दिसावी म्हणून आखूड स्प्रिंगा मागते. हौसेला मोल नसते हे खरे. परंतु या हौसेत गाडीत बसणाऱ्यांचा व रस्त्याने जाणाऱ्यांचा जीव गुंतलेला असतो. म्हणून मागितलेला माल काढून दिला, एवढ्याने विक्रेत्याचे काम संपत नाही.

गाडी खाली आणण्यामागे शास्त्र आहे. वळणावर गाडीचा भार आतील चाकांवरून बाहेरील चाकांवर सरकतो. गुरुत्वमध्य जितका खाली, तितके हे सरकणे कमी. मात्र व्यापाऱ्याने जमेबरोबर खर्चाची बाजूही पाहावी. गुरुत्वमध्य जमिनीपासून ५०० मिलिमीटरवर आहे असे धरू. गाडी ३० मिलिमीटर खाली आणली, तर भाराचे सरकणे फार तर ६ टक्क्यांनी घटते. उलट चाकाला वर उचलले जाण्यास मुळात ७० मिलिमीटर जागा असेल, तर आता ४० च उरते. ही जागा संपली की 'बंप-स्टॉप' नावाच्या रबरी ठोकळ्यावर सारा भार येतो. हे वळणावर घडल्यास टायरची पकड एकाएकी सुटू शकते.

म्हणूनच आखूड स्प्रिंग मूळ स्प्रिंगेपेक्षा ताठही असावी लागते, आणि ताठ स्प्रिंगेची उसळी आवरण्यास तिला साजेसा शॉक-अॅब्सॉर्बर हवा. जुन्या, थकलेल्या शॉक-अॅब्सॉर्बरवर नवी स्प्रिंग चढविणे ही काटकसर नव्हे. त्याहून वाईट मार्ग मूळ स्प्रिंग कापण्याचा. आठ कार्यक्षम वेढ्यांपैकी एक कापला तर स्प्रिंग सुमारे १४ टक्के ताठ होते. पण कापलेले टोक बैठकीत नीट बसत नाही, आणि तापवून कापल्यास पोलादाचे पाणीही उतरते.

१९८९ साली शिकागोच्या प्रदर्शनात प्रथम मांडलेल्या माझदा एमएक्स-५ या दोन आसनी गाडीचे उदाहरण बोधप्रद आहे. आपल्या रस्त्यांवर ती क्वचितच दिसेल. परंतु परदेशी हौशी मंडळींनी जिच्यावर असे प्रयोग पुष्कळ केले, अशी ही गाडी. मुळातच हलकी व ठेंगणी असल्यामुळे तिच्या चाकांना वर सरकण्यास जागा बेताची. साहजिकच जाणकार मंडळी गाडी थोडीच खाली घेतात, स्प्रिंग व शॉक-अॅब्सॉर्बर परस्परांस जुळणारे निवडतात आणि नंतर चाकांचे कोन पुन्हा जुळवून घेतात. गाडी खाली आली की तिची चाके वरच्या बाजूस आत कलतात, आणि कोन न जुळविल्यास टायर आतील कडेने झिजतात. या गाडीत कोन जुळविण्याचे बोल्ट मुळातच आहेत. ज्या गाडीत ते नसतात तिला निराळे भाग घ्यावे लागतात. तो खर्च गिऱ्हाइकास आधीच सांगावा.

उंची कमीजास्त करता येणारे 'कॉइलओव्हर' संच महाग असतात. ज्यास ती सोय वापरावयाचीच नाही, त्याच्या गळ्यात ते बांधू नयेत.

आता आपल्या रस्त्यांविषयी. इंडियन रोड्स काँग्रेसच्या निर्देशांनुसार वर्तुळाकार गतिरोधकाची उंची १० सेंटिमीटर असते. गावोगावचे गतिरोधक ती मर्यादा पाळतातच असे नाही. कायद्याचीही बाजू आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ अन्वये उत्पादकाने दिलेल्या व नोंदणीपत्रात असलेल्या तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही, आणि २०१९ साली सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ नुसार नियमबाह्य बदलासाठी मालकास प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकते. सुरक्षेच्या दृष्टीने महत्त्वाचा म्हणून अधिसूचित झालेला भाग नियमांत न बसणारा असूनही विकला, तर विक्रेत्यास एक वर्षापर्यंत कैद, प्रत्येक भागामागे एक लाख रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकते.

आपणां जैन व्यापाऱ्यांस हा विचार नवा नाही. तत्त्वार्थसूत्रात अचौर्य व्रताचे जे पाच अतिचार सांगितले आहेत, त्यांत राज्याच्या नियमांचे उल्लंघन आहे आणि 'प्रतिरूपक व्यवहार', म्हणजे अस्सल म्हणून नकली माल खपविणे, हाही आहे. नामांकित कंपनीच्या खोक्यात बनावट स्प्रिंग देणे हा त्यातलाच प्रकार होय. आणि ती स्प्रिंग भर वेगात तुटली, तर अचौर्याबरोबर अहिंसेलाही बाध येतो.

यास्तव आमची सभासदांस विनंती आहे की, असे गिऱ्हाईक आल्यास प्रथम चार गोष्टी विचाराव्यात : गाडीचे नेमके मॉडेल व वर्ष कोणते, ती कोणत्या रस्त्यांवर व किती भाराने चालते, शॉक-अॅब्सॉर्बर कोणत्या स्थितीत आहेत, आणि परिवहन कार्यालयात चौकशी केली आहे काय. समाधानकारक उत्तर न मिळाल्यास माल देऊ नये. त्या दिवसाची विक्री बुडेल, पण पेढीची पत राहील.